घरच्या वस्तूंची वाद्यं, पण सुरात लागणारी. कशी करता येतील?

कडुनिंब

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपुरात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा 45 ला टेकलेला, खिडक्यांना जाड पडदे, कूलर सुरू, आणि माझी दोन व शेजारपाजारची मिळून घरभर मुलं. वयं पाच ते बारा. यंदा त्यांच्यासोबत घरातल्या वस्तूंची वाद्यं करायला घेतली आहेत. त्याबद्दल लिहायचं आहे आणि जाणकारांना विचारायचंही आहे.

अशा वाद्यांचे व्हिडिओ ढिगानं सापडतात. चमकी, रिबन, रंगीत कागद सगळं असतं, पण वाजवून पाहिलं की नुसता खडखडाट. तीन वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. आठ वर्षांच्या मुलाला मात्र लगेच कळतं की यावर काही वाजवता येणार नाही, आणि ती वस्तू आलमारीवर जाऊन पडते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: वाद्य दिसायला कसंही असू दे, ते सुरात लावता आलं पाहिजे, आणि लावायचं काम मुलानं आपल्या कानानं केलं पाहिजे. सजावट त्यानंतर.

आम्ही भूप राग निवडला. सा रे ग प ध. यातले कुठलेही स्वर मागेपुढे वाजले तरी कानाला खुपत नाहीत, त्यामुळे पाच वर्षांचं मूलही मोठ्यांच्या बरोबरीनं वाजवू शकतं.

सगळ्यात चांगलं जमलं ते नळ्यांचं वाद्य. वायरिंगचा 20 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि घराचं काम झालेलं असेल तर माळ्यावर तुकडे पडलेले असतातच. एका बाजूनं बंद नळीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की सूर निघतो. नळी जितकी आखूड तितका सूर चढा. सा साठी 18 सेंटिमीटर धरलं तर रे 16, ग 14.4, प 12, ध 10.8 आणि वरचा सा 9. पंचमाची नळी षड्जाच्या दोन तृतीयांश, वरचा सा बरोबर निम्मा. सहावीतल्या मुलीनं ही मापं स्वतः काढली, कारण या अपूर्णांकांतून काय निघणार आहे ते तिला ऐकायचं होतं.

पण नेमक्या मापावर कापून भागत नाही. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवासुद्धा सोबत हलते, म्हणून नळी असते त्याहून साधारण अर्धा सेंटिमीटर लांब असल्यासारखी वाजते. सगळ्यात लांब नळीत ते चालून जातं, 9 सेंटिमीटरच्या नळीत चांगलंच बेसूर ऐकू येतं. त्यामुळे सगळ्या नळ्या सेंटिमीटरभर जास्त कापायच्या, खालून क्लेचं बूच बसवायचं आणि पेन्सिलीनं ते आत सरकवत सूर चढवत न्यायचा. कापायचं काम मोठ्यांचं, हेक्सॉ ब्लेडनं. कडा पॉलिश पेपरनं घासायचं काम मुलांचं. 18 सेंटिमीटरचा सा काळी पाचच्या (पेटीवरच्या सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास येतो, त्यामुळे पेटी असेल तर सोबत वाजवता येते.

बूच सरकवत सूर शोधायचं काम मुलं इतक्या मन लावून करतात की कूलरचा आवाज त्रास देतो म्हणून तेच तो बंद करायला सांगतात!

आता माझे प्रश्न. डब्याला फुगा ताणून ढोल केला, तो धप्प वाजतो, त्याला काही नाद आणता येईल का? रबरबँडची गिटार सुरात लागतच नाही, ती का? आणि अगदी लहानांसाठी खुळखुळ्यात काय भरावं?

गंजकोपर

पोरी, लय चांगलं काम करून राहिली तू. आमच्या लहानपणी वाद्य विकत कोन घेऊन देत होतं? पयला पाऊस झाला का उकिरड्यावर आंब्याच्या कोया रुजत. कोंब फुटलेली कोय उपटाची, वरचं टरफल काढाचं, आतला गर दगडावर एका बाजूनं घासत राहाचं. दोन डाळींमधली फट उघडी पडली का तिथं फुंकाचं. पीं करून वाजते. पिंपळाच्या पानाची गुंडाळी केली, टोक थोडं चेपलं, तरी पिपाणी होते. पपईच्या पानाचा देठ पोकळ असते, त्याचीबी होते, पन चीक धुऊन घे, नाहीतर ओठ चुरचुरते.

खुळखुळ्यासाठी काही भराची गरजच नाही. या दिवसांत शिरीषाच्या वाळक्या शेंगा पाय, झाडावरच खुळखुळत असतात. गुलमोहराची शेंग त्याहून मोठी, हातात धरून वाजवाले बरी.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. गुंजा भरू नको. लाल-काळ्या दिसाले सुंदर, पन पोटात फुटलेली गेली तं जहर आहे. एरंडीच्या अन् धोतऱ्याच्या बियाबी नाही. ज्वारी, तूर, चिंचोके, हे आपलं घरचंच बरं. अन् डब्बीचं झाकन चिकटवून वरून पट्टी मार, तान्ह्या लेकराच्या हाती सुटे दाने लागले तं ते नाकात घालते.

तबल्याची शाई

मी गेली बरीच वर्षं मुलांना तबला शिकवतो, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो. मुलांचा कान लहानपणीच घडतो. त्या वयात फुगा ताणलेला डबा हातात दिला तर त्याला तोच नाद खरा वाटेल. हस्तकला म्हणून ठीक आहे, संगीत म्हणून मला शंका आहे. एखादी साधी डफली किंवा टाळ विकत आणून दिले तर जास्त बरं नाही का?

तुमच्या ढोलाबद्दल मात्र सांगतो. सगळीकडे सारख्या जाडीचा पडदा ताणला की त्यातून जे निरनिराळे सूर एकदम उठतात ते एकमेकांच्या पटीत बसत नाहीत. म्हणून धप्प. तबल्याच्या मधोमध शाई, म्हणजे काळा लेप, असते ती यासाठीच. मधला भाग जड झाला की वरचे सूर जवळजवळ नेमक्या पटीत येतात आणि थाप गायला लागते. यावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी काम केलं, 1920 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी सरकारी हिशेब खात्यात असताना 1910 च्या सुमारास त्यांची काही काळ नागपुरातही बदली होती. आपल्या गांधीसागर तलावाजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहे.

घरी शाई घालता येणार नाही, कणीक लावता येईल. पखवाजाच्या धुमेवर (डाव्या तोंडावर) ओली कणीक लावतातच. फुग्याच्या मधोमध सुपारीएवढी कणीक थापून बसवा, मग थोडी थोडी वाढवत ऐका. सूर खाली उतरत जाईल आणि गोल होईल. फुगा ताणताना सुरकुती राहू देऊ नका.

कडुनिंब

सर, कणकेचा उपाय आजच करून पाहिला. फरक इतका स्पष्ट आहे की मुलांनी सगळ्या डब्यांना कणीक लावली. दूध पावडरच्या मोठ्या डब्याला सगळ्यात छान नाद आला. मनापासून आभार.

तुमच्या शंकेवर मात्र माझं मत वेगळं आहे. विकतच्या डफलीचा सूर कारखान्यातच ठरून येतो, मुलाला तो फक्त बडवायचा असतो. इथे कणीक किती, बूच कुठवर, हे ठरवायला त्याला ऐकावंच लागतं. ‘अजून थोडं खाली’, ‘नाही, आता जास्त झालं’ ही भाषा सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी आली आहे. तबला सुरात मिळवताना हातोडी मारून तुम्ही जे ऐकता, तेच ऐकायला तो शिकतो आहे असं मला वाटतं.

गंजकोपर आजी, गुंजांचं सांगितलंत ते फार बरं केलंत. मुलांनी गोळा केलेल्या बियांत त्या होत्या, बाजूला काढल्या.

फुटाळा

रबरबँडचं कोडं सोपं आहे. ताण वाढला की सूर चढायला हवा. पण रबर ओढलं की ताणासोबत त्याची लांबीही वाढते, आणि लांबी वाढली की सूर उतरतो. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, म्हणून कितीही ओढा, सूर फारसा हलत नाही. बोटानं दाबून वाजणारा भाग आखूड केला तर मात्र चढतो. खोक्यावर एक पेन्सिल तिरपी ठेवा, म्हणजे प्रत्येक रबराचा वाजणारा भाग वेगवेगळ्या लांबीचा होईल, आणि जाड-बारीक रबरं मिसळा.

त्याहून चांगलं म्हणजे तुणतुणं करा. पत्र्याच्या डब्याच्या बुडाला मधोमध छिद्र पाडायचं, गळाची नायलॉन दोरी आतून ओवून बुडाशी शर्टाचं बटण अडकवायचं, म्हणजे पत्रा फाटत नाही. डब्याच्या कडेला बांबूची काठी तारेनं घट्ट बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक काठीच्या वरच्या खुंटीला. गोंधळात तुणतुण्याची तार अशीच चामड्याच्या मधोमधून निघते. दोरी नायलॉनची म्हटली म्हणून कोणी मांजा वापरू नका, बोटं कापतात. संक्रांतीच्या दिवसांत त्या मांजानं आपल्या शहरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक खेळ सुचवतो. मुलांना काचेच्या सारख्या बाटल्या द्या आणि त्यांत कमी-जास्त पाणी भरा. चमच्यानं वाजवलं तर जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर खालचा. तोंडावर फुंकर मारली तर जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर वरचा! एकाच बाटलीतून उलटं उत्तर कसं येतं, हे सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. (मोठ्यांसाठी: वाजवताना काच हलते आणि पाणी तिला जड करतं. फुंकताना आतली हवा हलते आणि पाणी तिची जागा कमी करतं. जलतरंग पहिल्या प्रकारात, तुमच्या नळ्या दुसऱ्या.)

आणि हो, नळ्या मे महिन्यात लावल्या असतील तर थंडीत पेटीसोबत पुन्हा लावून घ्या. हवा तापली की आवाज वेगानं धावतो आणि नळी चढते. 25 अंशांवरून 45 अंशांवर गेलं तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त फरक येतो. फुंकर कोमट असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा कमी, पण ऐकू येतोच. सगळ्या नळ्या मिळून चढतात, त्यामुळे आपापसात त्या सुरातच राहतात.

पुण्यातली वऱ्हाडी

सीताबर्डीच्या गर्दीची आणि संत्र्यांची आठवण आली धागा वाचून. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत, भिंती पातळ, शेजारी आजोबा आजारी. ढोल शक्य नाही. शांत वाद्य सुचवा. स्ट्रॉची पिपाणी करावी म्हटलं तर प्लास्टिकचे स्ट्रॉ जुलै 2022 पासून बंद आणि कागदी लगेच मऊ पडतात.

फुटाळा

कागदी स्ट्रॉची पिपाणी थोडा वेळ टिकते, पण होते. एक टोक दातांनी चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरपे काप देऊन टोकदार करायचं आणि ओठांच्या आत घेऊन जोरात फुंकायचं. दोन पात्या थरथरल्या की वाजते, सनईच्या पत्तीसारखीच. वाजत असताना दुसरं टोक कात्रीनं कापत गेलं की सूर चढत जातो, मुलं यावर खूश असतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून असे प्रयोग घराघरांत पोचवले आहेत, त्यांचे व्हिडिओ मराठीतही आहेत.

पण ती शांत नाही! तुमच्यासाठी पट्ट्यांचं वाद्य बरं. ॲल्युमिनियमची चपटी पट्टी घ्या, सारख्या रुंदीची. सा साठी 30 सेंटिमीटर. इथे नळीचं गणित चालत नाही. पट्टी निम्मी केली तर सूर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून वरचा सा 15 वर नाही, 21.2 सेंटिमीटरवर येतो. मधले: रे 28.3, ग 26.8, प 24.5, ध 23.2. थोडी लांब कापून टोकं घासत सूर चढवा.

टेकू कुठे द्यायचा ते मुलांना मीठ वापरून शोधू द्या. पट्टी मऊ स्पंजवर ठेवायची, वर बारीक मीठ भुरभुरायचं आणि मधोमध हळूहळू वाजवत राहायचं. मीठ सरकत सरकत दोन ठिकाणी ओळीनं जमतं. तिथे पट्टी जवळजवळ हलत नाही, टेकू तिथेच. टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण 6.7 सेंटिमीटरवर. दुसरीकडे टेकवली तर आवाज लगेच मरतो. टेकूला जुन्या गादीतला फोम, वाजवायला पेन्सिलीच्या टोकाला लोकरीचा गुंडा. शेजारच्या खोलीतही फार जात नाही.

ऐकू आनंदे

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला फार कमी ऐकू येतं. शाळेत संगीताच्या तासाला त्याला चित्रं काढायला बसवतात. सुरात लावायचा तुमचा आग्रह समजतो, पण अशा मुलासाठी यात काही आहे का?

तबल्याची शाई

ताई, नक्की आहे. त्याला फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत धरायला द्या आणि जवळ ढोल वाजवा. थाप हातात येते. मोठ्या डब्यावर त्याचा तळहात टेकवून दुसऱ्या बाजूनं वाजवलं की ठेका त्याला धरता येतो. खालचे सूर अंगाला जास्त जाणवतात, म्हणून त्याच्यासाठी मोठा डबा आणि जास्त कणीक.

कोपरावर (मोठ्या परातीवर) प्लास्टिकची पातळ पिशवी घट्ट ताणून वर रवा पसरा आणि जवळून ढोल वाजवा. रवा नाचतो. सूर बदलला की रव्याची नक्षी बदलते. बाकीची मुलं कानानं लावतील, तो डोळ्यानं लावेल. रवा कधी उसळतो ते तो सगळ्यांना सांगू शकेल, आणि ते काम गटात फार मोलाचं आहे.

ऐकू आनंदे

आज केलं. तो कितीतरी वेळ डब्याला गाल लावून बसला होता. नंतर त्यानं स्वतः ठेका धरला आणि मला फुगा धरायला लावला. सर, तुमची खूप आभारी आहे.

खंजिरी

आमच्याकडे दर गुरुवारी भजन असतं, म्हणून खंजिरीबद्दल लिहितो. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात खंजिरी घराघरांत पोचली, मोझरीला गेलं की ती कानावर पडतेच. मुलांसाठी ती करायला सोपी आहे. कशिद्याची लाकडी रिंग घ्या. सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं हातोडीनं सपाट करा, आतली प्लास्टिकची चकती आधी काढा, नाहीतर वाजत नाही. खिळ्यानं छिद्र पाडायचं काम मोठ्यांनी करावं. दोन-दोन झाकणांची जोडी तारेत ओवा, मध्ये हलायला जागा ठेवा आणि तार रिंगेला गुंडाळून टोकं आतल्या बाजूला दाबा, वर पट्टी लावा.

चामडं लावायची गरज नाही. लावायचंच असेल तर रिंगेत जाड फुगा ताणून बसवता येतो, तिच्यात स्क्रू असतोच, त्यानं ताण कमी-जास्त करता येतो.

कडुनिंब

स्क्रूचं लक्षातच आलं नव्हतं, फारच उपयोगी.

एक ठरवलं आहे, सांगते. तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीत मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात. यंदा मुलं ही वाद्यं घेऊन निघतील. पुढे खंजिऱ्या आणि ढोल, मागे नळ्या. मोठी मुलं झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणतील. विकतच्या भोंग्यांना आमच्या गल्लीत यंदा सुट्टी.

चालताना नळ्या हातातून सुटतात, त्या एकत्र कशा बांधायच्या?

गंजकोपर

बांबूच्या दोन कामट्या घे, एक पुढून, एक मागून. मधात नळ्या ठेव, सुतळीनं आठाच्या आकड्यासारखी वीण घाल. तोंडं एका रेषेत ठेवजो. गळ्यात अडकवाले सुतळीचाच फास सोड. अन् झडत्या मले विचार, जुन्या पाठ आहेत, पोट्ट्यांना घेऊन ये एक दिवस.

फुटाळा

पोळा भर पावसाळ्यात येतो, तेव्हा क्लेच्या बुचाऐवजी कॉर्क किंवा मेण वापरा, ओलं झालं तरी सरकणार नाही. कॉर्कला थोडं तेल लावलं की हवं तिथे बसवता येतो. कणीक मात्र त्या दिवशी सकाळी ताजी लावा, आदल्या रात्रीची वाळून गळून पडते.

तबल्याची शाई

कडुनिंब ताई, मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी सगळे ढोल घेऊन माझ्याकडे या. महाल भागातच राहतो, पत्ता निरोपातून पाठवतो. मुलांना एक सोपा ठेका बसवून देईन, केहरव्याचा, चालत चालत वाजवता येईल असा. ढोल मुलांनी स्वतः लावून आणायचे, मी हात लावणार नाही.